आमच्या ड्रॉप-इन सेंटरला केंद्राची ग्रँट कशी मिळाली

रस्त्यावरच्या नशा करणाऱ्या पोरांसाठी काम करणाऱ्या आमच्या संस्थेला केंद्र सरकारची ग्रँट लागली हे कळल्यापासून छोट्या छोट्या संस्थावाल्यांचे फोन यायला लागलेत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, वर कुणाची ओळख होती का?" नव्हती. दुसरा प्रश्न, "मग प्रपोजल कुणाकडून लिहून घेतलं?" कुणाकडून नाही, आमच्या सरांनीच लिहिलं आणि खरं सांगायचं तर फार काही ग्रेट नव्हतं, पाऊण पान तर नुसतं मन हेलावून टाकणारं वगैरे होतं, ते मीच काढायला लावलं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकते. लांबेल, पण ज्यांना खरंच अर्ज करायचाय ते वाचतील.

मी सोशल वर्कर नाही. बी.कॉम. केलं, बरीच वर्षं दादरला एका सीएकडे व्हाउचरं तपासली, मग घरच्या कारणाने नोकरी सोडली आणि चुनाभट्टीच्या ह्या संस्थेत "आठवड्यातून दोन दिवस हिशेब बघायला ये" म्हणून गेले ती अजून तिथेच आहे, आणि दोन दिवस कधीच राहिले नाहीत. त्यामुळे मी जे सांगणारे ते हिशेबवालीच्या नजरेतून आहे. आणि त्या नजरेतून बघितलं तर ग्रँट प्रपोजलला मिळत नाही, दप्तराला मिळते. सरांना हे वाक्य अजून आवडत नाही.

आमची पोरं कुर्ला टर्मिनस ते सायन ह्या पट्ट्यातली, बारा-तेरापासून बावीस-तेवीसपर्यंतची. कुणी प्लॅटफॉर्मवर, कुणी फ्लायओव्हरखाली, कुणी पार्क केलेल्या टेम्पोत झोपणारं. बाटल्या-भंगार वेचतात, लांब पल्ल्याच्या गाड्या आल्या की डबे झाडतात. नशा म्हणजे मुख्य सोल्युशन, तेच पंक्चर काढायचं, रुमालावर घ्यायचं, मुठीत धरायचं आणि नाकाशी न्यायचं. मोठी झाली की मग बटन म्हणजे गुंगीच्या गोळ्या, चरस, गर्द, हल्ली एमडी म्हणजे मेफेड्रोन. सोल्युशनची गंमत अशी की ते एनडीपीएस म्हणजे ड्रग्जच्या कायद्यात बसतच नाही, सायकलच्या दुकानात उघड मिळतं. २०१२ मध्ये केंद्राने व्हाइटनरच्या आणि थिनरच्या बाटल्यांच्या किरकोळ विक्रीला बंदी घातली, पेनातलं व्हाइटनर चालू ठेवलं, त्याने शाळेतल्या पोरांना थोडा फरक पडला असेल, आमच्या पोरांना पंक्चरची ट्यूब होतीच. ज्युवेनाइल जस्टिस ॲक्टचं ७७ कलम आहे, मुलाला दारू, तंबाखू, ड्रग्ज दिले तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, पण दुकानदार म्हणतो मी सायकलचं सामान विकतो, आणि बोलतोय तेही खोटं नाही.

तर योजना. नाव एनएपीडीडीआर, लांबलचक आहे, नॅशनल ॲक्शन प्लॅन फॉर ड्रग डिमांड रिडक्शन, केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची, २०१८ पासूनची. त्याच्या आधीही दारू आणि ड्रग्जसाठी संस्थांना पैसे देणारी मंत्रालयाची योजना होतीच, ही तिचीच मोठी बहीण. पाठीमागे कोर्टाची पण एक गोष्ट आहे. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये सरकारला मुदत घालून दिली की देशभर सर्व्हे करा आणि मुलांच्या नशेवर राष्ट्रीय आराखडा आणा. तो सर्व्हे एम्सने केला, २०१९ च्या फेब्रुवारीत आला. त्यात एक आकडा आहे जो मी प्रपोजलमध्ये सगळ्यात वर टाकला. बाकी सगळी नशा मोठ्या माणसांत जास्त, फक्त हुंगायच्या नशेत उलटं आहे, १० ते १७ वयात १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८ टक्के. पण तो आकडा दोन लाखांवर घरांमध्ये जाऊन काढलाय. घरांमध्ये. ज्याला घरच नाही त्याच्या दाराची कडी कोण वाजवणार? रस्त्यावरच्या पोरांसाठी त्याच्या आधीचं एक काम जास्त उपयोगी पडतं, बालहक्क आयोगासाठी एम्सच्याच लोकांनी नशा करणाऱ्या ४,०२४ मुलांशी बोलून केलेलं, २०१३ चं. दोन्ही जोडा. एकच जोडलात तर तुमची पोरं आकड्यांतून गायब होतात.

ह्या योजनेत अर्ज करायचा म्हणजे आधी कुठल्या डब्यात बसायचं ते ठरवा. एक आयआरसीए, म्हणजे भरती करून उपचार करायचं केंद्र, खाटा, डॉक्टर, नर्स, सगळं आलं. दुसरं सीपीएलआय, म्हणजे वस्तीतल्याच पोरांना पीअर एज्युकेटर करायचं आणि नशा लागायच्या आधी बाकीच्या मुलांपर्यंत पोचायचं, १० ते १८ वयाचं. तिसरं ओडीआयसी, म्हणजे आउटरीच आणि ड्रॉप-इन, पोरांनी यावं, बसावं, कौन्सेलिंग घ्यावं, गरज पडली तर पुढे दवाखान्यात पाठवावं. ज्या जिल्ह्यांत काहीच नाही तिथे तिन्ही एकत्र करून जिल्हा केंद्र देतात, पण मुंबईला काही नाही असं कोण म्हणणार.

सरांना आयआरसीए पाहिजे होतं. पंधरा खाटा. मी म्हटलं सर, आपल्याकडे पंधरा प्लॅस्टिकच्या खुर्च्या नाहीयेत. मग म्हणाले सीपीएलआय, प्रिव्हेन्शन, तेच आपलं मूळ काम. ते ऐकायला बरोबर आहे पण सीपीएलआयची सगळी मांडणी वस्ती धरून आहे, वस्तीत शाळा असते, अंगणवाडी असते, आईबाप असतात. आमच्या पट्ट्यात आम्ही एका हुशार पोराला पीअर एज्युकेटर म्हणून तयार केलं, चार महिने, चांगलं बोलायचा, आणि एके दिवशी गाडीत झाडू मारता मारता सुरतला निघून गेला. महिन्याभराने आला, "बहोत दूर चला गया था" म्हणाला, जणू काय स्टेशन चुकलं होतं. आणि दुसरं म्हणजे नशा लागायच्या आधी हे आमच्याकडे होतच नाही. पोरगं प्लॅटफॉर्मवर उतरल्यापासून पहिल्या आठवड्यात रुमाल हातात येतो, कारण भूक लागत नाही आणि थंडी वाजत नाही त्याने. म्हणून ओडीआयसी ठरलं. हा निर्णय आमचा सगळ्यात चांगला निर्णय होता असं मला अजून वाटतं, कारण डबा चुकला की पुढे तपासणीत रोज त्याची किंमत मोजावी लागते.

आता कागद. अर्ज ई-अनुदान पोर्टलवर ऑनलाइन होतो पण पोर्टल उघडायच्या आधी निम्मं युद्ध संपलेलं पाहिजे. संस्थांची नोंद होते त्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा नंबर लागतो, त्याच्यासाठी ट्रस्टींचे पॅन आणि आधार. ट्रस्ट डीड, पीटीआर म्हणजे ट्रस्टच्या नोंदणीचा दाखला, शेड्यूल वनचा म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडच्या ट्रस्टींच्या नोंदीचा उतारा, तीन वर्षांचे ऑडिट, वार्षिक अहवाल, स्टाफची यादी, लाभार्थ्यांची यादी, जागेचं ॲग्रीमेंट. ह्यात आम्ही अडकलो ते शेड्यूल वनला. आमच्या एक ट्रस्टी बाई वारल्या होत्या, त्यांच्या जागी दुसरे आले, ठराव झाला, मिनिट्समध्ये आहे, सह्या आहेत, पण आधीच्या वकिलांनी चेंज रिपोर्ट, म्हणजे ट्रस्टी बदलल्याचा कागद, धर्मादाय ऑफिसला दाखलच केला नव्हता. कायद्याने तो ९० दिवसांत द्यायचा असतो. म्हणजे दर्पणवर नवीन ट्रस्टी आणि शेड्यूल वनवर वारलेल्या बाई. पोर्टल दोन्ही बघतं. मग विलंब माफीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, नवीन वकील, त्यांची फी. वकीलसाहेब म्हणाले मुंबईतल्या अर्ध्या ट्रस्टांचं असंच आहे. असेल. तुम्ही हे वाचत असाल आणि संस्थेत कुणी ट्रस्टी गेल्या काही वर्षांत बदललाय तर आत्ता उठा आणि फाइल बघा.

जागेचं तर विचारूच नका. ॲग्रीमेंट रजिस्टर्ड लागतं आणि संस्थेच्या नावावर. आमचं सेंटर आधी एसआरएच्या म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर होतं, मालक भला माणूस, पण एसआरएची खोली अशी भाड्याने द्यायला परवानगी नसते मग रजिस्टर काय करणार. दुसरी जागा शोधायला लागलो तर ब्रोकर विचारायचा "काय करता तुम्ही", आमचा आउटरीचवाला भाऊ, म्हणजे रस्त्यावर पोरांकडे जाणारा कार्यकर्ता, प्रामाणिकपणे सांगायचा, आणि पुढच्या मिनिटाला "अहो गर्दुल्ल्यांना कोण जागा देणार, सोसायटी ऐकणार नाही." शेवटी एका गिरणीतून रिटायर झालेल्या आजोबांनी त्यांचा चाळीच्या टोकाचा गाळा दिला, बाहेर मोरी, पाण्याची टाकी. ती मोरी पुढे फार महत्त्वाची ठरली, सांगते.

आता ज्याच्यावर सगळं ठरलं ती गोष्ट, हजेरीवही. मी आले तेव्हा वहीत नावं होती आणि समोर टिक. पोरं नावं बदलतात. सोमवारी जो सलमान असतो तो गुरुवारी शाहरुख असतो, आणि सलमान एका वेळी चार असतात. पोलिसांना एक नाव, रेल्वेच्या माणसाला दुसरं, आपल्याला तिसरं, ह्यात खोटेपणा नाहीये, जगायची रीत आहे ती. पण हिशेबवालीला असलं चालत नाही, कारण उद्या कुणी म्हणालं हे चार सलमान म्हणजे एकच पोरगा आहे आणि तुम्ही चार वेळा मोजलाय, तर उत्तर काय? म्हणून मी वहीला कॉलम वाढवले. सांगितलेलं नाव, पूर्वी सांगितलेलं नाव, खूण, कुठे झोपतो, अंगठा. खुणेच्या कॉलममध्ये "डाव्या भुवईवर व्रण", "पुढचा दात अर्धा", "उजव्या हातावर आई गोंदलंय पण वेलांटी उलटी" असलं सगळं. आउटरीचवाला भाऊ वैतागायचा, म्हणायचा ताई ही हजेरी आहे की पंचनामा. तो स्वतः कधीकाळी गर्दमधून बाहेर पडलेला आहे, त्याला पोरं पाठमोरी ओळखू येतात, त्याला वहीची गरज नाही. सरकारला आहे.

सगळं जमवून अर्ज भरला, सबमिट केलं, आणि मग पोर्टलवर "पेंडिंग विथ डिस्ट्रिक्ट". रस्ता असा असतो, जिल्ह्याचं समाजकल्याण ऑफिस तपासणी करून शिफारस करतं, मग राज्य, राज्यातली समिती बघते, मग दिल्ली, तिथे योजनेचा विभाग बघतो, त्यांची समिती, मग मंत्रालयातलं फायनान्स, मग मंजुरीचं पत्र. ऐकायला ह्या सगळ्या पायऱ्या सारख्या वाटतात. नाहीत. जिल्ह्याच्या तपासणीचा कागद खाली जो लिहिला जातो तोच वर सगळीकडे वाचला जातो. वरचे लोक आमच्या सेंटरला कधी येणारेत? त्यांच्या समोर आमच्याबद्दल जे काय आहे ते तीन-चार पानं आणि जिओटॅग केलेले, म्हणजे कुठे काढलाय ते ठिकाण नोंदलेले फोटो.

ह्याच काळात टक्केवारीवाल्यांचे फोन सुरू होतात, हे पण लिहिते कारण सगळे दबक्या आवाजात विचारतात. अर्ज भरला की कुठून तरी नंबर जातो आणि "दिल्लीहून बोलतोय, कन्सल्टंट, तुमची फाइल माझ्यासमोर आहे, करून देतो, इतके टक्के." फाइल समोर असेल तर अर्ज क्रमांक सांगा म्हटलं की फोन कट होतो. ऑफिसातल्या कुणी आमच्याकडे पैसे मागितले नाहीत. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही.

तपासणीचा फोन आदल्या संध्याकाळी आला, उद्या अकराला येतो. सकाळी अकरा! आमची पोरं रात्रभर जागी असतात, पहाटेच्या गाड्या, भंगार, आणि झोपतात ते दुपारी एक-दोनला उठतात. अकराला सेंटरमध्ये मी, सर, कौन्सेलर, भाऊ आणि एक मांजर. साहेब आले, बरोबर एक क्लार्क, बसले, पाणी घेतलं, आणि पहिलाच प्रश्न, "लाभार्थी कुठायत?" सरांचा चेहरा उतरला. भाऊ म्हणाला साहेब झोपलीयेत. साहेबांनी नुसतं बघितलं, त्यांना असली उत्तरं नवीन नसणार.

मग त्यांनी वही मागितली. पान पान उलटत होते, मी समोर उभी, ऑडिटमध्ये पार्टनर समोर बसल्यावर पोटात जसं व्हायचं तसं होत होतं. खुणांच्या कॉलमवर थांबले, दोन-तीन वाचल्या, हसले नाहीत पण ओठ हलले. मग जुलैच्या पानावर आले. तिथे सलग तीन दिवस हजेरी शून्य, शेरा "पाणी भरले, सेंटर बंद, मुले सायन पुलाखाली, भाऊ तिथे जाऊन आले". पुढे गणपतीत परत दोन दिवस शून्य, कारण विसर्जनाला पोरं चौपाटीवर जातात, तिथे खायला मिळतं आणि बाटल्या भरपूर. साहेबांनी त्या पानावर बोट ठेवलं आणि क्लार्ककडे बघून म्हणाले, "ज्या वहीत रोज पंचवीसच्या पंचवीस हजर असतात ना, ती मी मिटून ठेवतो." तेवढंच बोलले. मला काय ते समजलं. सरांना समजलं नाही, ते सांगायला लागले की एरवी गर्दी असते साहेब.

पुढे त्यांनी अठरा वर्षांखालच्यांचं विचारलं, बालकल्याण समितीला कळवता का? हा प्रश्न येणारच, तयारी ठेवा. काळजीची गरज असलेलं मूल सापडलं की चोवीस तासांत कळवायचं असं कायदा सांगतो. आणि आमचा अनुभव असा की नवीन आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी हे सांगितलं की तो भिंतीवरून उडी मारून जातो आणि दोस्तांनाही घेऊन जातो. पण पत्रं जातात, पोच फाइलला आहे, कुणाचं पुढे काय झालं ते पण लिहिलेलं आहे, दोघांना घरी पोचवलं, त्यातला एक परत आला. साहेबांनी ती फाइल सगळ्यात जास्त वेळ बघितली.

मग आम्ही त्यांना पोरं दाखवायला घेऊन गेलो. फ्लायओव्हरखाली, पोतं पांघरून, एकावर एक पाय टाकून सात-आठ जण, भाऊने हाक मारली तर एकाने डोळे न उघडता "भाई, आज नहाने का दिन है क्या" विचारलं. क्लार्कने फोटो काढला. आणि तिथेच घोळ झाला. फोटोवर जिओटॅग आला सायनचा. सायन मुंबई शहर जिल्हा, आमचं सेंटर चुनाभट्टीला, म्हणजे मुंबई उपनगर जिल्हा. मधे चालत दहा मिनिटं. साहेब म्हणाले, "हे तर माझ्या हद्दीत नाहीत." सर म्हणाले साहेब, पोरांना जिल्हा माहीत नाही हो. ते म्हणाले मला माहीत आहे ना. भाऊने मग कुर्ल्याच्या बाजूला नेलं, तिथे अजून पाच-सहा जण मिळाले, त्यांचा फोटो हद्दीतला निघाला. अहवालात शेवटी त्यांनी लिहिलं की लाभार्थी फिरस्ते असल्याने लगतच्या जिल्ह्याच्या हद्दीतही वावरतात, आणि शिफारस केली. माणूस नियमाने चालणारा होता, पण नियमातच जागा शोधून दिली त्यांनी. असे असतात, लोक फक्त वाईटच सांगतात.

राज्यातून फाइल गेली तेव्हा काहीच कळलं नाही, एक दिवस पोर्टलवर नाव बदललं एवढंच. दिल्लीहून त्रुटी आली. लाभार्थ्यांच्या यादीत आधार क्रमांक नाहीत, आणि पत्त्याच्या कॉलममध्ये "पुलाखाली" लिहिलंय. आता पुलाखाली राहणाऱ्याचा पत्ता काय लिहू? मी एक पानी उत्तर लिहिलं, भाषण नाही, नुसतं की आधार नाहीत कारण पत्ता नाही, मान्यताप्राप्त निवारागृहाच्या अधीक्षकांच्या दाखल्यावर आधार निघतो, त्यानुसार इतक्या जणांचे अर्ज केलेत, पावत्या जोडल्यात. आणि खरंच केले होते, शेजारच्या एका निवाऱ्याच्या मदतीने. आधार सेंटरवर आणखी मजा. मशीन पोरांच्या बोटांचे ठसे घेईना. सोल्युशन बोटांवर सुकून सुकून पापुद्रा बसलेला असतो, काचेच्या तुकड्यांनी कापलेलं असतं. भाऊने एकेकाला नळावर नेऊन खोबरेल तेल आणि दगडाने घासघासून बोटं साफ केली, ऑपरेटर पोरगी कंटाळली पण तिने परत परत घेतले ठसे. एकाचं यायला लागलं तेव्हा स्क्रीनवर हिरवं झालं आणि तो ओरडला "पास!"

मंजुरीचं पत्र इंग्रजीत येतं आणि त्यात लिहिलेलं असतं की भारताच्या राष्ट्रपतींची मंजुरी कळवण्यात येत आहे. सरांनी ते वाक्य चार वेळा वाचलं. त्याच्या पाठोपाठ बाँड, तो पण राष्ट्रपतींच्या नावे, स्टॅम्प पेपरवर, दोन जामीनदारांच्या सह्यांसकट, की पैसे ज्या कामाला दिलेत त्याच कामाला वापरू नाहीतर व्याजासकट परत करू. तेव्हा महाराष्ट्रात शंभरचा पेपर चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झालाय. जामीनदार म्हणून आमचे गाळामालक आजोबा उभे राहिले. राष्ट्रपतींशी व्यवहार करतोय म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आले सही करायला.

पैसे पीएफएमएस ह्या केंद्राच्या पैसे पाठवायच्या ऑनलाइन यंत्रणेतून येतात, तिथे खातं रजिस्टर करताना बँकेत संस्थेचं नाव आणि पॅनवरचं नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. आमच्या बँकेने कधीतरी ट्रस्टचं "टीआर" करून ठेवलं होतं, दुरुस्तीला वेळ गेला. आणि पैसे आले ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे वर्षभराचं भाडं, भाऊचं आणि कौन्सेलरचं मानधन आम्ही आधीच कुठून कुठून करून भागवलेलं, आणि मार्च एंडिंगला सरकार सांगतंय घ्या. फोन करणाऱ्यांना मी हे आधी सांगते. सहा-आठ महिने स्वतःच्या दमावर चालवता येत असेल तरच ह्यात पडा. ग्रँट मिळाली म्हणून स्टाफ नेमला आणि हप्ता लांबला तर स्टाफही जाईल आणि पोरंही, आणि पोरं एकदा गेली की पुढची दोन वर्षं विश्वास ठेवत नाहीत.

खर्च मंजूर झालेल्या हेडमध्येच करायचा. मानधन, भाडं, प्रवास, स्टेशनरी, किरकोळ. आता आमच्याकडे पोरं कशाला येतात? कौन्सेलिंगला? अजिबात नाही. आंघोळीला येतात. ती बाहेरची मोरी, पाण्याची टाकी, मंगळवार आणि शुक्रवार आंघोळीचे दिवस. अंगाला साबण लागला, डोकं धुतलं, स्वच्छ कपडा घातला की पोरगं तासभर नशा न करता बसतं, तेव्हा कौन्सेलर बोलतो. म्हणजे आमच्या सगळ्या प्रिव्हेन्शनची किल्ली लाल साबणाच्या वडीत आहे, आणि साबणाला हेडच नाही. मी किरकोळमध्ये टाकला. ऑडिटरने विचारलं इतका साबण? मी त्याला वहीतले मंगळवार-शुक्रवार काढून दाखवले, त्या दिवशीची हजेरी बाकी दिवसांच्या दुप्पट आहे. तो म्हणाला मॅडम, मग नोटमध्ये लिहा. लिहिलं.

वर्ष संपल्यावर युटिलायझेशन सर्टिफिकेट, जीएफआर १२-ए नावाचा फॉर्म, सीएच्या सहीने, म्हणजे आलेला पैसा आणि झालेला खर्च. बाकी सगळ्यांना माहीत असतं, एक गोष्ट विसरतात ती म्हणजे ग्रँटच्या पैशावर खात्यात जे व्याज पडतं ते तुमचं नाही, सरकारचं आहे, भारतकोश पोर्टलवर भरायचं आणि चलन जोडायचं. आमचं व्याज एका वेळच्या वडापावच्या बिलाइतकं होतं, तरी भरलं. ओळखीतल्या एका संस्थेचं पुढच्या वर्षीचं रिन्युअल असल्याच क्षुल्लक रकमेवर लटकलंय आणि ती संस्था कामाला आमच्यापेक्षा चांगली आहे. मला ह्याचा राग येतो. पोरांबरोबर चांगलं काम करणारे लोक कागदात कच्चे असतात आणि कागदात पक्के असलेले बरेच जण पोरांना हातही लावत नाहीत, आणि ही पद्धत पहिल्यांना गाळते. एखादा हिशेबनीस दोन-तीन छोट्या संस्थांनी मिळून ठेवला तरी पुष्कळ होईल, मी तसं दोन ठिकाणी सुचवलंय, बघू कोण ऐकतंय.

सध्या आमचं दुसऱ्या वर्षाचं रिन्युअल टाकलंय. दोन त्रुटी आल्या, एक साबणाची, एक जिल्ह्याच्या हद्दीची, दोन्हीची उत्तरं दिली. सुरतवाला पोरगा आता भाऊबरोबर आउटरीचला फिरतो, त्याचं आधार झालं, बँक खातं झालं, पण मानधन कुठल्या हेडला ते अजून ठरत नाहीये म्हणून सर खिशातून देतात आणि मी ते देणगी म्हणून पावती फाडते. पोर्टलवर "पेंडिंग विथ डिस्ट्रिक्ट" दिसतंय. ह्या वेळी तपासणी दुपारी चारनंतर ठेवावी असं पत्र मी आधीच देऊन आलेय, जमलं तर मंगळवारी किंवा शुक्रवारी. आवक नंबर आहे माझ्याकडे.